न्यू जर्सी ते बोस्टन: किनाऱ्यावरच्या हिमवादळाचा अंदाज स्वतः कसा वाचावा

ईशान्य अमेरिकेत नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांत पहिल्या हिवाळ्यात एक गोंधळ हमखास होतो. बुधवारी फोनवरचं ॲप रविवारसाठी १४ इंच बर्फ दाखवतं. शुक्रवारी तेच ॲप ३ इंचांवर येतं. रविवारी नुसता पाऊस पडतो. त्यातच पुण्याहून निघालेल्या आईवडिलांचं विमान नेवार्कला उतरायचं असतं, आणि घरात कुणालाच कळत नाही की तिकीट बदलावं की थांबावं.

ॲपवरचा तो आकडा बहुतेक वेळा हवामानाच्या संगणकीय मॉडेलच्या गणितातून आपोआप उतरलेला असतो, कुठल्याही माणसाने न तपासता. वादळ कुठून जाणार, त्याला थंडी कुठून मिळणार, समुद्र किती कोमट आहे आणि यातलं काय अजून ठरायचं आहे, हे त्या आकड्यात दिसत नाही. ते पाहायला पदवी लागत नाही. कोणत्या दिवशी काय तपासायचं एवढं माहीत असलं तरी पुष्कळ होतं, आणि ज्यांना रोज गाडी चालवायची आहे, लहान मुलं आहेत, किनाऱ्याजवळ घर आहे, त्यांनी हे शिकावं असं मला मनापासून वाटतं.

वादळाची ताकद येते कुठून

बंगालच्या उपसागरातलं किंवा अरबी समुद्रातलं चक्रीवादळ कोमट समुद्राच्या वाफेवर पोसलं जातं आणि जमिनीवर आलं की ओसरतं. ईशान्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या या हिवाळी वादळाची, म्हणजे नॉरईस्टरची, गोष्ट वेगळी. त्याची मुख्य ताकद तापमानातल्या फरकातून येते. जानेवारीत क्वेबेककडून खाली उतरणारी हवा गोठणबिंदूच्या खूप खाली असते, तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगत वाहणाऱ्या गल्फ स्ट्रीमचं पाणी भर हिवाळ्यातही ७० अंश फॅरेनहाइटच्या आसपास असतं. या दोन हवा भिडतात तिथे, बऱ्याचदा केप हॅटरसच्या जवळपास, कमी दाबाचं केंद्र तयार होतं आणि किनाऱ्याला धरून ईशान्येकडे सरकू लागतं. केंद्राभोवती वारा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून केंद्र समुद्रात असताना किनाऱ्यावर वारा ईशान्येकडून येतो. नाव त्यावरूनच पडलं.

बातम्यांमधला 'बॉम्ब सायक्लोन' हा शब्द नुसता भडकपणा नाही. सँडर्स आणि ग्याकम या शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये त्याची व्याख्या केली: केंद्रातला दाब ६० अक्षांशावर २४ तासांत किमान २४ हेक्टोपास्कलने (दाब मोजायचं एकक) घसरला पाहिजे. न्यू यॉर्कच्या अक्षांशावर तीच अट साधारण १८ वर येते. ४ जानेवारी २०१८ च्या वादळात ही घसरण ५० हून अधिक होती.

दोन घडणी ओळखायला शिका. एकात वादळ मेक्सिकोच्या आखाताकडून किंवा आग्नेय किनाऱ्यावरून सलग वर येतं. दुसऱ्यात जुनं केंद्र ओहायोच्या खोऱ्यात विरत जातं आणि किनाऱ्याजवळ नवं केंद्र जन्मतं. हे दुसरं प्रकरण फार अवघड असतं, कारण नवं केंद्र नेमकं कुठे आणि किती वाजता तयार होणार यावर सगळं अवलंबून. सहा तास उशीर झाला तर न्यू यॉर्कच्या वाट्याचा बर्फ बोस्टनला जातो.

पहिली पायरी: आपलं कार्यालय शोधा

नॅशनल वेदर सर्व्हिस या अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याची स्थानिक कार्यालयं आहेत. एडिसन आणि मध्य-दक्षिण न्यू जर्सी माउंट हॉलीच्या कार्यालयाकडे येतात, जर्सी सिटी, नेवार्क आणि न्यू यॉर्क शहर लाँग आयलंडवरच्या अप्टनकडे, तर बोस्टन परिसर नॉर्टनकडे. त्यांच्या संकेतस्थळावर 'एरिया फोरकास्ट डिस्कशन' नावाचा मजकूर दिवसातून अनेकदा येतो. रंगीत चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. पण ड्युटीवरचा हवामानतज्ज्ञ आपल्याला कशाची खात्री आहे आणि कशाची नाही, हे तिथे मोकळेपणाने लिहितो. सुरुवातीला निम्मं कळणार नाही. तरी रोज वाचा. वादळ नसलेल्या दिवशीही वाचा. एका हिवाळ्यात त्या भाषेचा कान तयार होतो, आणि माझ्या मते शंभर ॲपपेक्षा ही एक सवय मोलाची आहे.

इशाऱ्यांचा अर्थही आधीच पाठ असू द्या. भारतीय हवामान खात्याच्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांची सवय असेल तर इथे थोडं वेगळं आहे. 'वॉच' म्हणजे शक्यता आहे, तयारीला लागा. 'वॉर्निंग' म्हणजे धोका जवळपास नक्की. 'ॲडव्हायजरी' म्हणजे त्रास होईल, पण वॉर्निंगच्या पातळीचा नाही. 'ब्लिझार्ड' हा शब्द बर्फाच्या इंचांवर ठरत नाही: ताशी ३५ मैल किंवा जास्त वारा आणि पाव मैलाहून कमी दृश्यता, हे दोन्ही किमान तीन तास टिकलं तर ते ब्लिझार्ड.

आठवडाभर आधी: फक्त पट पाहा

सात-आठ दिवस आधी इंचांचा नकाशा उघडूच नका. तो कुणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकेलच, पण त्याला काही अर्थ नसतो. या टप्प्यावर फक्त मोठं चित्र पाहायचं.

पश्चिमेकडे रॉकी पर्वतांवर, साधारण आयडाहोच्या बोइझी शहराच्या आसपास, उंचावरच्या वाऱ्यांचा उत्तरेकडे चढणारा उंचवटा आहे का? असला तर पूर्वेला खोल दरी पडते आणि वादळाला किनाऱ्याजवळून जायला वाट मिळते. ग्रीनलंडवर उच्च दाबाचा अडसर आहे का? असला तर वादळ अटलांटिकमध्ये पळून न जाता रेंगाळतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, क्वेबेक किंवा आग्नेय कॅनडावर उच्च दाब ठाण मांडून बसलाय का? थंड, कोरडी हवा तिथून येते. तो उच्च दाब समुद्रात सरकला की किनाऱ्यावरचा वारा आग्नेयेचा होतो, समुद्राची ऊब आत घुसते आणि बर्फाऐवजी पाऊस पडतो. मोठमोठी वादळं केवळ या एका कारणाने न्यू जर्सीत चिखल करून गेली आहेत.

तीन-चार दिवस आधी: वाट आणि समुदाय

आता मॉडेलं पाहायला हरकत नाही. अमेरिकेचं जीएफएस आणि युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ ही दोन मुख्य. पिव्होटल वेदर आणि ट्रॉपिकल टिडबिट्स या संकेतस्थळांवर दोन्हींचे नकाशे फुकट मिळतात. मॉडेल जागतिक वेळेनुसार चालतात. हिवाळ्यात इथल्या सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ च्या निरीक्षणांवरच्या फेऱ्या मुख्य. सकाळच्या जीएफएसचे नकाशे साडेदहा-अकरापासून दिसू लागतात, युरोपीय मॉडेल दुपारी एकनंतर. मध्यरात्री जागून प्रत्येक फेरी पाहण्याची गरज नाही. दिवसातून दोनदा पुरे.

नकाशावर ४० अंश उत्तर आणि ७० अंश पश्चिम हा बिंदू शोधा. नँटकेट बेटाच्या दक्षिणेला, भर समुद्रात. इथले हवामानतज्ज्ञ त्याला 'बेंचमार्क' म्हणतात. वादळाचं केंद्र त्याच्या आसपासून गेलं तर मोठ्या शहरांवर भरपूर बर्फाची शक्यता असते. केंद्र त्याच्या बरंच पश्चिमेकडून, किनाऱ्याला चिकटून गेलं तर किनाऱ्यावर पाऊस आणि आत पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत बर्फ. खूप पूर्वेकडून गेलं तर फक्त वारा आणि ढग. बोस्टनला बेंचमार्कची वाट चांगली मानवते. न्यू यॉर्क आणि उत्तर जर्सीला केंद्र थोडं आतून आलेलं लागतं.

एकाच रेषेवर विसंबू नका. ही मॉडेलं बनवणाऱ्या दोन्ही संस्था आपलं मॉडेल किंचित वेगळ्या सुरुवातीपासून पुन्हा पुन्हा चालवतात, आणि त्या सगळ्या फेऱ्या मिळून 'समुदाय' होतो: अमेरिकन समुदायात ३१ सदस्य, युरोपीय समुदायात ५१. या सदस्यांनी दाखवलेल्या वादळाच्या केंद्रांचे ठिपके नकाशावर कसे पडलेत ते पाहा. सगळे एका घोळक्यात असतील तर खात्री वाढली. निम्मे किनाऱ्यालगत आणि निम्मे समुद्रात असतील तर त्यांची सरासरी काढणं ही सर्वांत वाईट चूक, कारण सरासरीची वाट अशी असते जिथून एकही सदस्य गेलेला नाही. तेव्हा दोन वेगळ्या शक्यता मनात ठेवा आणि कोणता घोळका पुढच्या फेरीत मोठा होतोय ते बघा.

मॉडेल काय करू शकतात आणि कुठे फसतात, हे तीन वादळांतून छान कळतं. मार्च १९९३ चं महावादळ सुमारे पाच दिवस आधी ओळखलं गेलं आणि राज्यांना तयारीला वेळ मिळाला. सातच वर्षांनी, जानेवारी २००० मध्ये, शेवटच्या दिवसापर्यंत मॉडेलं वादळ समुद्रात नेत राहिली, आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या रॅलीवर २०.३ इंच बर्फ पडला. तिसरं वादळ २६-२७ जानेवारी २०१५ चं. न्यू यॉर्कसाठी २० ते ३० इंचांचा अंदाज होता आणि सबवे बंद ठेवण्यात आली. युरोपीय मॉडेल वादळ पश्चिमेकडे दाखवत होतं, जीएफएस शहरासाठी कमी बर्फ सांगत होतं. केंद्र थोडं पूर्वेकडून गेलं. सेंट्रल पार्कमध्ये ९.८ इंच, पण बोस्टनमध्ये २४.६ आणि वूस्टरमध्ये ३४.५. माउंट हॉली कार्यालयाचे तेव्हाचे प्रमुख गॅरी शॅटकोव्स्की यांनी जाहीर माफी मागितली. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो, पण वादळाचा अंदाज म्हणून तो फसला असं मी म्हणणार नाही. वादळ आलं, सांगितल्याप्रमाणे आलं. चुकली ती त्याची पश्चिम कड, आणि त्या कडेवर लाखो माणसं राहत होती. तुमचं घर कडेवर आहे की मध्यावर, हा प्रश्न म्हणूनच 'किती इंच?' याच्या आधी विचारायचा.

दोन दिवस ते एक दिवस आधी: बर्फ, स्लीट की पाऊस

किनाऱ्यावर खरी कसोटी इथे लागते. जमिनीवर ३१ अंश फॅरेनहाइट आहे म्हणून बर्फच पडेल असं नाही. ढगापासून जमिनीपर्यंतचा हवेचा संपूर्ण स्तंभ थंड असावा लागतो. साधारण ५,००० फुटांवरची ८५० हेक्टोपास्कलची पातळी आणि २,५०० फुटांवरची ९२५ ची पातळी, या दोन्हींवर शून्य अंश सेल्सियसची रेषा कुठे आहे ते नकाशावर पाहा. ती रेषा तुमच्या गावाच्या दक्षिणेला राहत असेल तर बरं. पण ५,००० ते १०,००० फुटांच्या मध्ये कुठेही कोमट हवेचा पातळ थर घुसला, तर वरून पडणारा बर्फ वितळतो. खाली थंड थर जाड असला की त्याचे टणक दाणे होतात, ते स्लीट. थर पातळ असला की पाणी पाणीच राहतं आणि झाडांना, तारांना, पायऱ्यांना लागताच गोठतं, तो फ्रीझिंग रेन. पाव इंच गोठलेला पाऊस आठ इंच बर्फापेक्षा घातक ठरू शकतो: वीज जाते, रस्ता काचेसारखा होतो.

हा थर नकाशात दिसत नाही, 'साउंडिंग' नावाच्या आलेखात दिसतो. पिव्होटल वेदरवर मॉडेलच्या नकाशात तुमच्या गावावर क्लिक केलं की तो उघडतो. लाल रेषा तापमानाची, हिरवी आर्द्रतेची. लाल रेषा शून्याच्या तिरप्या रेषेला कुठे ओलांडते एवढंच आधी बघायला शिका. मग आणखी एक गोष्ट: उणे १२ ते उणे १८ अंश सेल्सियसच्या पट्ट्यात हवा ओलसर आणि वर चढणारी असेल तर मोठे, फांद्यांचे कण तयार होतात आणि बर्फ भराभर साचतो.

समुद्राचं तापमान विसरू नका. लाँग आयलंडच्या दक्षिणेला सुमारे ३० सागरी मैलांवर ४४०२५ क्रमांकाचा बोया, म्हणजे मोजमापाचं तरंगतं यंत्र, आहे. त्याच्या पाण्याचं तापमान राष्ट्रीय बोया केंद्राच्या पानावर कुणालाही दिसतं. डिसेंबरच्या सुरुवातीला तिथलं पाणी ५० अंश फॅरेनहाइटच्या आसपास असू शकतं, फेब्रुवारीअखेर ४० च्या जवळ. म्हणून हुबेहूब एकाच वाटेचं वादळ डिसेंबरात जर्सी शोअरवर पाऊस देतं आणि फेब्रुवारीत बर्फ.

इंचांच्या नकाशांबद्दल एक सावधगिरी. फुकटातले बरेच नकाशे एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ धरतात, आणि काही नकाशे स्लीटही त्यातच मोजतात. किनाऱ्यावरचा ओला, जड बर्फ पाच-सहा पटच साचतो; आत डोंगराकडचा भुसभुशीत बर्फ पंधरा पटींवर जातो. यापेक्षा वेदर सर्व्हिसचं संभाव्यतेचं पान वाचा. तिथे अपेक्षित आकड्याच्या दोन्ही बाजूंना कमीत कमी आणि जास्तीत जास्त काय पडू शकेल तेही दिलेलं असतं. दोन आकड्यांमध्ये २ आणि १८ एवढी दरी असेल, तर ७ या मधल्या आकड्यावर कुणी ठामपणे बोलू नये.

निर्णयही याच टप्प्यावर घ्यायचे. विमान कंपन्या मोठ्या वादळाआधी तारीख बदलण्याची सवलत जाहीर करतात. वॉच लागला की रोज ते पान बघा आणि म्हाताऱ्या माणसांचा प्रवास असेल तर सवलत मिळताच बदल करून टाका. औषधं, दूध, गाडीत पेट्रोल, फावडं, मीठ हे वॉर्निंगच्या आधी घरात असावं.

बर्फ सुरू झाल्यावर: मॉडेल बंद, रडार सुरू

शेवटच्या बारा तासांत दर तासाला नवं चालणारं एचआरआरआर हे मॉडेल उपयोगी पडतं, पण डोळा रडारवर हवा. वादळाच्या वायव्य बाजूला बर्फाचे अरुंद, तीव्र पट्टे तयार होतात. पट्ट्याखाली तासाला दोन ते तीन इंच पडतो, आणि वीस मैलांवर, जिथे हवा खाली बसते, तिथे नुसती भुरभुर असते. कोणता पट्टा कुठे अडकेल हे आदल्या दिवशी नेमकं सांगता येत नाही. जानेवारी २०१६ मध्ये सेंट्रल पार्कवर २७.५ इंच पडले, तिथला नोंदींतला उच्चांक. वादळ चालू असताना अंदाज वाढवत न्यावा लागला होता.

अशा पट्ट्यात वीज चमकली तर घाबरू नका, पण बाहेरही राहू नका. बर्फात गडगडाट म्हणजे हवा अतिशय जोरात वर चढते आहे, आणि पुढचा तासभर बर्फ झपाट्याने साचणार.

पाऊस-बर्फाची सीमा पाहायची असेल तर रडारच्या नेहमीच्या रंगांऐवजी 'कोरिलेशन कोइफिशंट' हे चित्र निवडा. नुसता बर्फ किंवा नुसता पाऊस असेल तिथे रंग एकसारखा दिसतो; वितळणारे, मिश्र कण असतील तिथे तो विस्कटतो. तो विस्कटलेला पट्टा दर दहा मिनिटांनी उत्तरेकडे सरकत असेल, तर तुमच्याकडे स्लीट किती वेळात पोहोचेल याचा हिशोब घरबसल्या मांडता येतो.

किनाऱ्याजवळ राहत असाल तर भरती आधी पाहा

होबोकन, जर्सी शोअर, क्वीन्सचा दक्षिण भाग, बोस्टनचा बंदरालगतचा भाग: इथे बर्फापेक्षा पाण्याची चिंता मोठी. नॉरईस्टर संथ असलं की ईशान्येचा वारा एकापाठोपाठ दोन-तीन भरत्यांमध्ये पाणी किनाऱ्यावर ढकलत राहतो, आणि दरम्यानच्या ओहोटीत ते पुरतं बाहेर पडत नाही. जानेवारी २०१८ च्या वादळात बोस्टन बंदरातल्या पाण्याने १९७८ च्या हिमवादळाचा विक्रम मोडला. आधी पौर्णिमा-अमावास्या कधी आहे ते बघा. कोकणातल्या माणसाला उधाणाची भरती सांगावी लागत नाही. मग वाऱ्याचा जोर आणि भरतीची वेळ जुळते का ते पाहा. सँडी हूक, बॅटरी (मॅनहॅटनचं दक्षिण टोक) आणि बोस्टनच्या भरतीमापकांवर अपेक्षित आणि प्रत्यक्ष पातळी शेजारी शेजारी दिसतात. पहिल्याच भरतीला पाणी दोन फूट वर असेल, तर गाडी पुढच्या भरतीआधी उंचावर लावा.

उन्हाळ्यातला गडगडाट: समुद्र इथे उलटा वागतो

हिवाळा शिकलात की उन्हाळ्यातली वादळं सोपी जातात, पण एक फरक ध्यानात घ्या. मे महिन्यात आत ८५ अंश फॅरेनहाइट ऊन असताना समुद्राचं पाणी जेमतेम ५५ अंशांचं असतं. पेनसिल्व्हेनियातून गर्जत येणारी वादळांची रांग न्यू यॉर्कजवळ पोहोचता पोहोचता या थंड सागरी हवेत विरते. ऑगस्टमध्ये पाणी ७० च्या वर गेल्यावर हे कवच पातळ होतं. आणि रांग पुरेशी जोरदार असली तर कुठल्याच महिन्यात कवचावर भरवसा नको: २९ जून २०१२ ला इंडियाना-ओहायोकडून निघालेली वादळी रांग वॉशिंग्टन ओलांडून मध्यरात्रीनंतर दक्षिण न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळली.

अशा दिवशी ओक्लाहोमातल्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा सकाळचा नकाशा पाहा. त्यात धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. दुसऱ्या पायरीचं नाव 'स्लाइट' असलं तरी ती हलक्यात घेऊ नका. सिव्हिअर थंडरस्टॉर्म वॉर्निंग लागली, म्हणजे ताशी ५८ मैलांचा वारा किंवा एक इंचाची गार अपेक्षित आहे. तेव्हा खिडकीपासून दूर, घराच्या आत.

शेवटची पायरी: स्वतः मोजा

वादळ गेल्यावर लगेच पुढच्याकडे वळू नका. आदल्या दिवशीचं फोरकास्ट डिस्कशन जपून ठेवलं असेल तर ते पुन्हा वाचा आणि प्रत्यक्ष काय झालं त्याच्याशी ताडून पाहा. सीमा कुठे सरकली? थंडी टिकली का? बोयाचं पाणी किती होतं?

त्यासाठी मोजणं नीट हवं. दोन फूट लांब-रुंद पांढरी रंगवलेली फळी अंगणात, भिंती आणि झाडांपासून दूर ठेवा. बर्फ थांबताच, तो बसायच्या आत, इंचाच्या दशांशापर्यंत मोजा. सहा तासांत एकदापेक्षा जास्त वेळा फळी झाडू नका, नाहीतर आकडा फुगतो. गवतावर किंवा गाडीच्या टपावर मोजलेलं धरत नाहीत. कोकोराज नावाची स्वयंसेवकांची संस्था, जी १९९८ मध्ये कोलोरॅडोत सुरू झाली आणि आता सगळ्या राज्यांत आहे, रोज सकाळी सातच्या सुमाराला अशी मोजमापं गोळा करते. तुम्हीही नाव नोंदवू शकता. वेदर सर्व्हिसचे तज्ज्ञ ही मोजमापं पाहतात. तुमच्या गल्लीत सीमा नेमकी कुठे होती, हे त्यांना अनेकदा तुमच्याच फळीवरून कळतं.